कोटेशनवर नसलेलं अक्षर

फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं येतं, हे त्या दुकानदाराने एकदाही विचारलं नाही. बजेट विचारलं, गेम खेळता का विचारलं, कॅबिनेट काचेचं हवं का आणि आत रंगीत लाइट हवेत का, हेही विचारलं. आणि ही सगळी चौकशी माझ्याकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे. तो शाळेत गणित शिकवतो. एडिटिंगशी त्याचा संबंध इतकाच की, मी रात्री रेंडर लावून ठेवलं की पंख्याच्या आवाजाने त्याची झोप मोडते. तिथून घेतलेलं एडिटिंगचं मशीन आता सुरळीत चालतं, त्याच्यावर घातलेले पैसेही कामातून निघाले. तरी तो सगळा प्रकार आठवला की अजून डोकं तापतं.

मी सांगलीत घरूनच लग्नांचं एडिटिंग करते. फोटोग्राफर हार्ड डिस्क आणून देतात. टीझर, हायलाइट आणि फुल लेंथ मी काढून देते. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू. फुल एचडीचे दिवस होते तोवर जुन्या मशीनवर भागलं. मग एकेकाने सोनीचे नवे कॅमेरे घेतले, फोर-के आलं आणि ते मशीन दमलं. २०२३ च्या दिवाळीत पतसंस्थेचं कर्ज काढून नवं असेंबल करून घेतलं. कोटेशनवर लिहिलं होतं: आय-सेव्हन थर्टीन्थ जनरेशन, ३२ जीबी रॅम, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड, १ टीबी एनव्हीएमई. वाचून कुणालाही वाटेल, एडिटिंगला याहून काय लागतं?

पहिलंच काम मिरजेकडच्या लग्नाचं आलं. क्लिप टाइमलाइनवर टाकली, स्पेस बार दाबला आणि चित्र अडकलं. आवाज पुढे, चित्र मागे. मंगलाष्टकं संपून वाजंत्री वाजायला लागायची आणि पडद्यावर अंतरपाट तसाच धरलेला असायचा. कट कुठे मारायचा तेच कळेना. प्रीव्ह्यूचं रिझोल्यूशन निम्मं केलं, पाव केलं, काही फरक नाही.

दुकानात फोन केला. उत्तर तयारच होतं: "मॅडम, फोर-के आहे. कार्ड कमी पडतंय." ३०६० पडत्या भावात परत घेतलं आणि आरटीएक्स ४०७० बसवलं. वरचे पैसे माझे. घरी आणून तीच क्लिप लावली, तर अंतरपाट जागचा हलला नाही. मग म्हणाले रॅम ६४ करा. मग म्हणाले विंडोज नवीन टाकून देतो. मग विचारलं, सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं आहे का? मी प्रीमियर प्रोचे पैसे दर महिन्याला भरते. हा प्रश्न मला फार लागला.

त्याच आठवड्यात तो लग्नवाला फोटोग्राफर टीझर न्यायला आला. टीझर तयार नव्हता. माझी अडचण ऐकून त्याने पिशवीतून आपला मॅकबुक एअर काढला. एम-वनचा, ८ जीबी रॅमचा, ज्याच्यात पंखासुद्धा नसतो. तीच डिस्क लावली, तीच क्लिप उघडली. ती चालली. मागे ओढली, पुढे ओढली, कुठे अडकली नाही. "वहिनी, माझ्याकडे तर असंच चालतं," तो अगदी सहज म्हणाला. माझ्या मशीनच्या निम्म्या किमतीचंही ते यंत्र नव्हतं. मी त्याला ती क्लिप पुन्हा पुन्हा लावायला सांगितली, कारण डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

मुंबईत मालिकांचं एडिटिंग करणारा माझा एक जुना मित्र आहे. त्याला फोन केला. त्याने कार्डाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आधी मीडियाइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं आणि क्लिप त्यात टाकून वाचायला सांगितलं. एचईव्हीसी, म्हणजे एच-२६५; ४:२:२, म्हणजे रंगाची माहिती किती बारकाईने साठवली त्याचं माप; १० बिट. "आता टास्क मॅनेजर उघड आणि क्लिप चालू ठेव." प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. ग्राफिक कार्डाच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड' नावाचा एक आलेख असतो, तो तळाला सपाट. सगळ्यांत महाग वस्तू काहीच करत नव्हती. मग तो म्हणाला, "प्रोसेसरचं पूर्ण नाव वाच." मी वाचलं: १३७०० आणि पुढे एफ. पलीकडे तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "अगं, हा कुणी दिला तुला?"

त्या एका अक्षरात काय गमावलं होतं ते सांगते, कारण हे मला कुठल्याही दुकानात कुणी सांगितलेलं नाही. एच-२६५ मध्ये कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक पूर्ण फ्रेम ठेवतो आणि पुढच्या फ्रेमांत फक्त बदललेला भाग ठेवतो. त्यामुळे मधली एखादी फ्रेम दाखवायची तर आजूबाजूच्या कितीतरी उलगडाव्या लागतात. हे काम प्रोसेसरने नुसत्या ताकदीवर करायचं म्हटलं की त्याचा दम निघतो. म्हणून चिपवर त्यासाठी वेगळं सर्किट असतं. पण प्रत्येक सर्किटला प्रत्येक प्रकार उलगडता येत नाही. एनव्हिडियाच्या ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांना ४:२:२ उलगडता येत नाही. ३०६० ला नाही, ४०७० ला नाही, त्याच मालिकेतल्या सगळ्यांत महाग कार्डालाही नाही. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जे आतलं ग्राफिक असतं, त्याला एच-२६५ मधलं ४:२:२ अकराव्या पिढीपासून येतं. अ‍ॅपलच्या एम-वनलाही येतं. आणि एफ म्हणजे हे आतलं ग्राफिक बंद केलेला प्रोसेसर. बाकी सगळं तेच. किमतीतला फरक दोन-तीन हजारांचा.

म्हणजे माझ्या कामाला ज्याची गरज होती, नेमकी तीच वस्तू काढून मला मशीन दिलं गेलं आणि ती उणीव भरायला ज्याचा काडीचा उपयोग नाही, असं महाग कार्ड माझ्या गळ्यात मारलं गेलं.

मी दुकानात गेले. या खेपेला एकटीच. शेठ शांतपणे म्हणाले, "कार्ड आहे ना मॅडम, मग आतलं ग्राफिक काय करायचंय? सगळे एफच नेतात." गेम खेळणाऱ्या पोराच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. पण मी एडिटिंगसाठी मशीन हवंय, हे पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. बदलून द्या म्हटलं, तर सील तुटलंय. बरं, कोटेशनवर एफ कुठे लिहिलंय, म्हणून कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "आय-सेव्हन थर्टीन्थ लिहिलंय, आय-सेव्हन थर्टीन्थच दिलंय."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. त्यात खोटं काहीच नाही, हेच त्यातलं वाईट. बिलावरही तेवढंच लिहिलेलं. रॅमची कंपनी लिहिली होती, कॅबिनेटचा रंग लिहिला होता, प्रोसेसरचं पूर्ण नाव तेवढं नव्हतं. नकळत राहिलं असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण भांडी घेतानासुद्धा आपण गेज विचारतो आणि दुकानदार सांगतो. इथे मशीनमधल्या एका महागड्या भागाचं अर्धंच नाव लिहायचं आणि उरलेलं गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर सोडायचं, याला मी नजरचूक म्हणणार नाही.

तेव्हा सीझन डोक्यावर होता, म्हणून तक्रार केली नाही. पण हे माहीत असू द्या: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी कारणासाठी' घेतली असं धरत नाहीत. धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी ऐकवलं तर ऐकून घेऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पक्कं बिल मात्र हवं. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मशीनची दाद मागणं फार कठीण होऊन बसतं.

शेवटी साधा १३७०० घेतला. बोर्ड तोच चालला. एफवाला एका कॉलेजच्या पोराला विकला, तो त्यावर गेम खेळतो आणि खूष आहे. बायोसमध्ये आतलं ग्राफिक मुद्दाम चालू करावं लागलं, कारण बरेच बोर्ड वेगळं कार्ड दिसलं की ते बंद करून टाकतात. इंटेलचा ड्रायव्हर टाकला. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाच्या पानावर हार्डवेअर डिकोडिंगला इंटेलची खूण आहे का पाहिलं. क्लिप लावली आणि अंतरपाट खाली आला. तेराव्या-चौदाव्या पिढीचा मोठा प्रोसेसर कुणाकडे असेल, तर बायोस नक्की अपडेट करा. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही अस्थिर होतात, हे इंटेलनेच २०२४ मध्ये मान्य करून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

डिस्कबद्दलही असंच काहीबाही सांगतात. क्लिप अडकली की म्हणतात एसएसडी वेगवान टाका. हिशेब करून बघा. सोनीचं ४:२:२ चं फोर-के ५०पी साधारण २०० मेगाबिटने लिहिलं जातं. म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट. तासाला ९० जीबी. एवढं तर साधी फिरती हार्ड डिस्कही वाचून देते. एसएसडी घ्याच, कॅश फाइल, कॉपी, तीन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम यांना ती लागते. पण अडकणाऱ्या क्लिपचं औषध ते नव्हे. स्वस्त एसएसडीवर तीन-चारशे जीबीचं लग्न कॉपी करायला घेतलं की सुरुवातीला काटा जोरात पळतो आणि तिची कॅश भरली की वेग धाडकन पडतो. बॉक्सवरचा आकडा त्या पहिल्या पळण्याचा असतो.

आणि फोटोग्राफरशी बोला. एक्सएव्हीसी एचएस, म्हणजे सोनीचं एच-२६५, जड, म्हणून पुष्कळ जण एक्सएव्हीसी एस लावतात. ते एच-२६४ आहे, आणि त्यातलं ४:२:२ माझ्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिकही उलगडत नाही. सगळा भार पुन्हा प्रोसेसरवर. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, ४:२:२ हवं तर एचएस लावा. साध्या समारंभाला ४:२:० पुरतं. पाहुण्यांच्या मोबाइलवरच्या क्लिपांचा फ्रेम रेट बदलता असतो, पुढे आवाज सरकतो. त्या हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून आधी एकसारख्या २५ फ्रेमवर काढून घेते.

खरं सांगायचं तर तो अख्खा सीझन मी प्रॉक्सीवर निभावला. रात्री डीएनएक्सएचआर एलबीमध्ये हलक्या प्रती काढायला लावायच्या, दिवसा त्यांच्यावर कट मारायचे, शेवटी मूळ फुटेज जोडून एक्स्पोर्ट. काम अडलं नाही. आजही तीन कॅमेऱ्यांचं फुल लेंथ असलं की मी प्रॉक्सीच काढते. नवरा विचारतो, मग एवढा राग कशाचा? त्याला काय सांगू! लाइट जाऊन प्रॉक्सी अर्धवट राहिल्यामुळे सकाळचे ताससुद्धा बसून काढावे लागले, ते मला आठवतात. प्रॉक्सी ही मी निवडलेली सोय असावी, कुणी लादलेली शिक्षा नव्हे.

गेल्या वर्षी कुपवाडच्या एका मुलाला मशीन घ्यायचं होतं. त्याला मीच एफवाला घ्यायला सांगितलं. तो एनव्हिडियाचं ५० मालिकेतलं कार्ड घेणार होता. २०२५ मध्ये आलेल्या या कार्डांना ४:२:२ उलगडता येतं, एच-२६४ मधलंसुद्धा. त्याचे दोन हजार वाचले. ज्या अक्षरावर मी इतकी चिडले, तेच मी त्याला सुचवलं आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. त्याने त्याच दुकानातून घेतलं. मी नको म्हटलं होतं; पण कबूल करायला हवं, पुढे त्याचा एसएमपीएस गेला तेव्हा शेठनी रात्री माणूस पाठवून बदलून दिला.

तुम्ही मशीन घ्यायला जाल तेव्हा तुमच्या खऱ्या कामातली एक क्लिप पेन ड्राइव्हवर सोबत न्या. कोटेशनवर प्रोसेसर, कार्ड, बोर्ड, एसएसडी यांचं पूर्ण मॉडेल शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून मागा, आणि मशीन जोडून झालं की उरलेले पैसे देण्याआधी ती क्लिप तिथेच चालवून बघा. जो दुकानदार याला नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नका.