पावती मागण्याचा हक्क

जून २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन पोलीस महासंचालक प्रवीण सूद यांनी ट्विटरवर जाहीर केले, की उघड्या डोळ्यांना दिसणारा नियमभंग झालेला नसेल तर केवळ कागदपत्रे तपासण्यासाठी कोणतेही वाहन थांबवायचे नाही; मद्यपान करून गाडी चालवणाऱ्यांची तपासणी तेवढी याला अपवाद. बंगळुरूच्या पोलीस आयुक्तांना आणि वाहतूक सहआयुक्तांना हे तात्काळ अमलात आणण्यास सांगितल्याचेही त्यांनी लिहिले होते. आपण हे पूर्वीही स्पष्ट केले आहे, अशी पुस्ती सोबत होती. प्रशासनात बरीच वर्षे काढल्यामुळे असेल, माझे लक्ष आदेशापेक्षा त्या पुस्तीकडे गेले. जो आदेश पुन्हा द्यावा लागतो, तो पहिल्या वेळी खालपर्यंत पोहोचलेला नसतो. किंवा पोहोचलेला असतो, पण तो न पाळण्यात कोणाची तरी सोय असते.

आदेशाचे स्वागत झाले ते योग्यच. मात्र त्याने वाहनचालकाला नवा हक्क मिळाला असे समजणे चूक ठरेल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० नुसार सार्वजनिक ठिकाणी गणवेशातील कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने परवाना दाखवलाच पाहिजे. संशयाला जागा असली पाहिजे, अशी अट त्या कलमात नाही. महासंचालकांनी आपल्या माणसांच्या स्वेच्छाधिकाराला लगाम घातला, इतकेच. लगाम घालणाऱ्याला तो सैल करता येतो. कायद्याने दिलेले संरक्षण वेगळे असते, आणि ते बहुतेकांना ठाऊक नसते.

याचा प्रत्यय मला इलेक्ट्रॉनिक सिटीत आला. माझा पुतण्या तेथे नोकरी करतो. मी त्याच्याकडे मुक्कामाला असताना एका रविवारी आजूबाजूची पाचसहा मराठी कुटुंबे जेवायला जमली. इमारतीच्या तळघरात एमएच १२, एमएच १४ आणि एक कोल्हापूरची एमएच ०९ अशा गाड्या उभ्या होत्या. सरकारी माणूस तावडीत सापडला म्हटल्यावर पुरणपोळीपेक्षा प्रश्नच जास्त वाढले गेले. खिडकीतून होसूर रस्त्यावरचा तो जवळजवळ दहा किलोमीटरचा, २०१० साली सुरू झालेला उन्नत मार्ग दिसत होता. त्याच्या बाजूने ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका धावू लागली आहे. तरी रात्रपाळी करणाऱ्यांची भिस्त अजून स्वतःच्या वाहनावरच आहे.

पहिला प्रश्न कागदपत्रांचा होता. मूळ कागद जवळ नसले तर? केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ मध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये दुरुस्ती होऊन इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील कागदपत्रे मान्य झाली. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील परवाना हा परवानाच होय. मोबाइलमध्ये काढलेला फोटो मात्र नव्हे. १ ऑक्टोबर २०२० पासून आणखी एक चांगली तरतूद आली. तपासणी झाली की तिची वेळ आणि तपासणाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदली जावी, म्हणजे पुढच्या चौकात तोच माणूस पुन्हा अडवला जाणार नाही. जेवायला बसलेल्यांपैकी एकानेही ही तरतूद ऐकलेली नव्हती.

मग एका तरुणाने चावीची गोष्ट काढली. दुसऱ्याच एका शहरात त्याच्या दुचाकीची चावी एका शिपायाने काढून खिशात टाकली होती आणि पुढची सगळी बोलणी ती चावी खिशात असतानाच झाली. मोटार वाहन कायद्यात अशी चावी काढून घेण्याची तरतूद नाही. वाहन ताब्यात घेण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे. नोंदणी नसणे, चालकाकडे परवानाच नसणे, व्यावसायिक वाहनाला परमिट नसणे, अशा ठरावीक कारणांसाठीच तो वापरता येतो. चावी काढून घेणे म्हणजे कागदावर न येणारी जप्ती. कागदावर येत नाही म्हणूनच ती सोयीची.

परवाना जप्त करण्याचेही तसेच आहे. कलम २०६ प्रमाणे तो घेता येतो, पण पोचपावती दिल्याशिवाय नाही. येथे एक बारकावा आहे. आरोपी फरार होईल अशी शंका म्हणून परवाना घेतला असेल, तर त्या पावतीवर परवाना परत मिळेपर्यंत गाडी चालवता येते. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिवेग, धोकादायक किंवा मद्यपान करून वाहन चालवणे, हेल्मेट न घालणे अशा काही गुन्ह्यांत परवाना निलंबनासाठी पाठवला जातो, आणि तेव्हा मिळणारी पावती गाडी चालवण्याची मुभा देत नाही. "पावती आहे ना" म्हणून निघून जाणाऱ्याने ती कोणत्या कारणासाठी दिली आहे ते आधी वाचावे.

दंडाबाबतही मोठा गैरसमज दिसला. रस्त्यावर भरला जातो तो न्यायालयाने ठोठावलेला दंड नव्हे. कलम २०० खालील ती तडजोड आहे, आणि ती कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावी हे राज्य सरकार अधिसूचनेने ठरवते. तडजोड दोघांच्या संमतीने होते. आरोप मान्य नसेल तर "न्यायालयात सांगेन" असे म्हणता येते, आणि असे म्हणणे उद्धटपणा नाही. अर्थात पाचशे रुपयांसाठी रजा काढून कोण जाणार? त्यामुळे हा हक्क कागदावरच राहतो, आणि पावती न घेता दोनशेत मिटवण्याचा बाजार त्याच फटीत उभा राहतो. तो बाजार चालवायला दोघे लागतात, हे मी तेथे स्पष्टच बोललो. ते सर्वांना आवडले नसावे.

एमएच क्रमांकाच्या गाड्यांवर मात्र सगळे एकदम बोलू लागले. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर तेथे पुन्हा नोंदणी करावी लागते. कर्नाटकाने २०१४ मध्ये आपल्या करकायद्यात बदल करून तीस दिवसांतच आजीवन कर मागायला सुरुवात केली होती. २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. मग आता? गाडी राज्यात कधी आली याचा पुरावा जवळ ठेवावा, फास्टॅगच्या नोंदी त्यासाठी पुरेशा बोलक्या असतात. आणि वर्ष उलटून गेले असेल तर पुणे किंवा कोल्हापूरच्या कार्यालयाकडून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन नोंदणी बदलावी. कोल्हापूरकरांची गाडी चार वर्षे तेथेच होती. "अहो काका, पण सोडतात की!" असे वहिनी म्हणाल्या. सोडतात, हीच अडचण आहे. आज सोडणारा उद्या अडवू शकतो, आणि तेव्हा कायदा त्याच्या बाजूला असेल.

गाडीची झडती हा याहून गंभीर विषय. परवाना बघणे वेगळे, डिकी उघडून सामान उपसणे वेगळे. तपासासाठी झडती घ्यायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्या नोंदीची प्रत अठ्ठेचाळीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जावी लागते. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरणही कलम १०५ नुसार बंधनकारक आहे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची. अमली पदार्थांच्या प्रकरणात तर न्यायालये फार काटेकोर असतात. बूटा सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की रस्त्यावर असली तरी खाजगी जीप ही सार्वजनिक वाहन नव्हे. खबर लेखी नोंदवण्याची कलम ४२ ची अट पाळली नव्हती, म्हणून आरोपी सुटले. लेखणी न उचलल्याची किंमत पोलिसांनाच मोजावी लागते, ती अशी.

शिपायाची बाजू मी मांडली नसती तर ते अन्यायाचे झाले असते. धुरात आठ तास उभ्या असलेल्या माणसाकडे वरून "आज किती केसेस?" असा प्रश्न येतो, "आज किती अपघात टळले?" असा येत नाही. मोजले जाते तेच काम होते. २०१९ मध्ये कायद्यात आलेले कलम २१० ब सांगते, की अंमलबजावणी करणाऱ्यानेच नियम मोडला तर त्याला दुप्पट दंड. त्या कलमाखाली दर महिन्याला किती प्रकरणे झाली, हा आकडाही वरिष्ठांनी मागवायला हवा, असे मला वाटते.

उठता उठता तिघांनी माझा मोबाइल क्रमांक मागितला. "रात्री कुठे अडलो तर तुम्ही एक शब्द टाका." मी नाही म्हटले. ज्याच्याकडे असा क्रमांक नाही, त्या सामान पोहोचवणाऱ्या मुलाला कायद्यावरच निभवावे लागते. त्याऐवजी पुतण्याने सर्वांकडून दोन कन्नड शब्द पाठ करून घेतले, "रसीदि कोडि". पावती द्या. कोल्हापूरच्या वहिनींचा उच्चार सर्वांत स्वच्छ होता, आणि त्यांचे यजमान ना हरकत प्रमाणपत्राला कोणता अर्ज लागतो ते विचारत जिन्यापर्यंत आले. अठ्ठावीस क्रमांकाचा, असे मी त्यांना लिहून दिले.