उभ्या गाडीची धडधड

माझी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी रस्त्यानें धांवतांना अगदीं शहाण्यासारखी वागे. पण चौकांत उभी राहिली कीं, हिंवताप भरल्याप्रमाणें तिचें अंग कांपूं लागे. पुस्तकें वाचून मीं प्लग बदलले, पॉइंटांमधलें अंतर मोजलें. गुण येईना. अखेर गाडी विकण्याचें ठरविलें, आणि गिऱ्हाईक यावयाच्या आदल्या रात्रीं कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा पिळून ठेवला. उभ्या इंजिनाचा वेग वाढला, थरथर लपली.

गिऱ्हाईक आलें तें एका वृद्ध मिस्त्रींना घेऊन. त्यांनीं क्षणभर कान दिला आणि मुकाट्यानें स्क्रू पूर्ववत् केला. हिंवताप परतला! मग त्यांनीं चारी प्लगांच्या तारा एकेक करून काढून पाहिल्या. प्रत्येक वेळीं इंजिन सारखेंच खचलें.

"चौघेही सारखेच आजारी, साहेब. म्हणजे खोड कोणा एकाची नव्हे."

कार्ब्युरेटरच्या बुडाशीं जोडावर त्यांनीं तेलाचे चार थेंब सोडले मात्र, इंजिन घटकाभर शांत झालें. तेथलें गॅस्केट विरलें होतें. गाडी उभी असतां इंजिन हवा अगदीं बेतानें घेतें; त्यांत ही चोरटी हवा शिरली कीं पेट्रोलचें प्रमाण बिघडतें. वेगांत तिचा पत्ताही लागत नाहीं.

"हा स्क्रू कोणी पिळला होता?" हात पुशीत मिस्त्रींनीं विचारलें.

जन्मभर परीक्षेंतल्या नकला पकडीत आलेला मी! गिऱ्हाईक माझ्याकडे पाहत होतें.

"मींच," मीं म्हटलें.

गाडी अद्याप माझ्याचजवळ आहे.