सुटण्याआधीचा बैल

माझा खांदा धरल्यापासून कासरा पुतण्याच्या हातात दिलाय. आता इंदापूरकडच्या बैलगाडा शर्यतीच्या मैदानात कडेला उभा राहून मी फक्त सुटायची फाटी बघतो. पळ सगळेच बघतात. मला पाहायचं असतं ते झेंडा पडायच्या आधी बैल कसा उभा राहतो ते.

आमचा खिल्लारी बैल कोसा आधी उभाच राहत नसे. कान मागं, मान तिरपी, धरणाऱ्याला फरफटत न्यायचा. बैलाला दोन्ही अंगांचं जवळजवळ सगळं दिसतं, फक्त ऐन पाठीमागचं दिसत नाही, आणि छकड्यावरचा माणूस असतो नेमका तिथंच. आदत असताना ज्याची शेपटी चावली, ज्याला बॅटरीचा झटका दिला, त्याच्या लेखी ती जागा कधी रिकामी नसते. तो झेंड्याची वाट कशाला बघेल?

त्यात पहिल्या मालकानं नजर लागू नये म्हणून त्याला पत्र्याआड एकटा बांधलेला. बैल कळपातलं जनावर. शेजारच्याचे कान बघून भ्यायचं की नाही ते ठरवतो. याला शेजारच नव्हता, मग हा सगळ्यालाच भ्यायला शिकला. तुकोबांच्या पालखीच्या रथाला खिल्लारच जुंपतात की! बारामतीहून इंदापूरकडं टाळ-मृदंगाच्या कल्लोळात ती जोडी कशी निवांत चालते. म्हणजे रक्तात खोट नाही.

7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, 16 डिसेंबर 2021 ला अटींवर पुन्हा परवानगी दिली. मधल्या काळात जुने चालक थकले. नंतर जे पैसा घेऊन आले त्यांना बैल हवा होता, शेणाचा गोठा नको होता. रीलपुरती झूल घालायची, बाकी दिवस कोंडून ठेवायचा. काठी-बॅटरीला बंदी आहे, पण पंच मैदानात असतो, गोठ्यात नाही.

मी तरी कुठला साधू? माझ्याशिवाय कोशाजवळ कुणी फिरकत नसे, बाजारात माणसं वाट सोडत, तेव्हा मिशीला पीळ पडायचा. त्याची भीती मी माझा दरारा म्हणून मिरवली.

पुतण्यानं त्याला म्हाताऱ्या गाईशेजारी बांधलाय. मागून जाताना शीळ घालतो, पाठीवरून हात फिरवतो, मगच छकड्याला हात लावतो. गेल्या मैदानात कोसा झेंड्यापर्यंत थांबला. लोक पोराची पाठ थोपटत होते. कोशानं एकदा तरी पोराला शिंग दाखवावं, असं मला अजून वाटतं.