परतीची खूण

कात्रजच्या जुन्या बोगद्यावरच्या वाघजाई मंदिरापासून सिंहगडाकडे जाणारी डोंगरधार आम्हा तिघांच्या पायांना ठाऊक होती. लहानमोठ्या तेरा टेकड्या. चढायचं, घसरत उतरायचं, पुन्हा चढायचं. तीच वाट सायकलींवरून करायची ठरली आणि बेत आखताना ती अनोळखी वाटू लागली.

नकाशा जमिनीवर पसरून बसलो. पायी जाणाऱ्याला चढाची काळजी, सायकलवाल्याला उताराची. वाळल्या गवतावर आणि सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक जोरात दाबला, की चाक घसरलंच. म्हणून टायरमधली हवा थोडी कमी, सीट खाली, अंगाचा भार मागं. खड्या चढांवर सायकल खांद्यावर. धारेवर पाण्याचा भरवसा नाही. माणशी चार लिटर. दिवस हिवाळ्याचा, निघणं पहाटे.

सगळं लिहून झालं आणि आमच्यातला धाकटा हळूच म्हणाला, "मागच्या वर्षी पडून मनगट मोडलं, तेव्हापासून उतारावर हात कापतात."

वर्षभर त्यानं हे सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

क्षणभर वाटलं, बेत मोडला. मग नकाशावर एक खूण केली. तिसऱ्या टेकडीचा उतार संपला, की थांबायचं. तिथं तिघांपैकी एकानंही 'नको' म्हटलं, तर तिघांनी आल्या वाटेनं परतायचं. कारण विचारायचं नाही.

सिंहगड काय, कुठं पळून जाणार आहे? यादीत सर्वांत शेवटी लिहिलेली ही ओळ आम्ही उचलून सर्वांत वर ठेवली.