माझी चार उत्तरं

जून २०१८ मध्ये मला पुण्यात पहिली नोकरी लागली. पहिल्या दिवशी आम्हा नव्या मुलामुलींना गोल बसवलं आणि ओळख करून देताना प्रत्येकानं चार गोष्टी सांगायच्या असं ठरलं: आवडता पोशाख, आवडता पदार्थ, आवडतं पुस्तक आणि आजवर मिळालेली सगळ्यात आवडती भेट. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, जीन्सवर लिननचा शर्ट, पास्ता, एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीचं नाव, आणि पदवी मिळाल्यावर बाबांनी दिलेलं घड्याळ. चारही उत्तरं खोटी होती. लिननचा शर्ट माझ्याकडे एकच होता, तोही आदल्या आठवड्यात घेतलेला. पास्ता मी तोवर दोनदा खाल्ला होता. कादंबरी चाळिसाव्या पानावर सोडली होती. घड्याळ बाबांनी दिलं हे खरं, पण मला त्याची किंमत सांगायची होती.

मला कुणी खोटं बोलायला लावलं नव्हतं. त्या घोळक्यात सोलापूरची मी एकटीच होते, आणि आधीच्यांची उत्तरं ऐकता ऐकता मी माझी जुळवून घेतली. तेव्हा माझी ठाम समजूत होती की आवडनिवड ही माणसानं स्वतःला घडवल्याची खूण असते. घरातून जे आयतं हाती आलं, ती नुसती सवय. घराबाहेर पडून आपण शोधलं, ती आवड. या समजुतीवर मी पाच-सहा वर्षं काढली. आज ती माझ्याकडे नाही. ती कशी गेली, हे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण तिच्यापायी मी एका माणसाशी बराच काळ खोटं बोलले.

ते माणूस म्हणजे माझी मावशी. मी पुण्याला निघाले तेव्हा तिनं मला तिची ‘रुचिरा’ दिली. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. मापं वाटी आणि चमच्याची, त्यामुळे नवशिक्या मुलीलाही ते हाताशी घेऊन स्वयंपाकाला उभं राहता येतं. मावशीची प्रत तिच्या लग्नाच्या वेळची. पुठ्ठा सुटलेला, पाठीला चिकटपट्टी, पानांवर तेलाचे डाग, समासात बॉलपेननं केलेल्या नोंदी. मला ते पाहून वाईट वाटलं. मैत्रिणींना निघताना नवे फोन, नव्या बॅगा मिळाल्या होत्या आणि मला वापरलेलं पुस्तक. मी ते सुटकेसच्या तळाशी सरकवलं. पुढं मावशी फोनवर विचारायची, “पुस्तक उघडतीस का गं?” मी म्हणायचे, “हो, नेहमी.” ती खूश व्हायची. इतक्याशा शब्दांवर ती खूश व्हायची, याचीच मला आज जास्त टोचणी लागते.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. मेस बंद, खोलीतली मैत्रीण आधीच गावी गेलेली. माझ्याकडे तांदूळ, थोडी डाळ आणि दिवाळीत आईनं बांधून दिलेलं ज्वारीचं पीठ होतं, डब्यात तसंच पडलेलं. भाकरी मी लहानपणापासून रोज खाल्ली, थापली कधीच नाही. पहिली परातीतच फाटली, दुसरी तव्यावर टाकताना तुटली. मावशीला फोन लावला. ती म्हणाली, “पीठ जुनं झालंय, त्याची विरी गेली. आधण ठेव. उकळत्या पाण्यात भिजव आणि हाताला सोसेल तसं मळत राहा.” गव्हाच्या कणकेत जो चिवटपणा असतो तो ज्वारीत नसतो, उकळत्या पाण्यानं पीठ चिकट होतं आणि मग भाकरी अखंड थापली जाते. हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं. चौथी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, विस्तवावर धरली आणि ती टम्म फुगली. शेंगाचटणीची पिशवी होतीच. लालभडक, कुटताना तेल सुटलेली. खाताना माझ्या मनात भाकरी आवडते की नाही असा प्रश्नच आला नाही. मी पुढची थापायला घेतली होती.

पण भाकरीची चव कळली आणि डोळे उघडले, असं काही झालं नाही. उलट त्यानंतर मी दुसऱ्यांदा चुकले, आणि ती चूक पहिलीहून अवघड होती.

मधल्या काळात आमच्याकडच्या गोष्टींचे दिवस आले. खणाच्या साड्या, खणाचे कुर्ते, खणाच्या पिशव्या, खणाच्या वह्या. ज्या खणाची चौकोनी घडी ओटीत यायची आणि न शिवता पुढच्या घरी जायची, तो आता सगळ्यांना हवा होता. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर ज्वारीला मान आला. माझी भाकरी, माझी चटणी, माझं सोलापूर एकाएकी कौतुकाचे विषय झाले. मीही खणाची साडी घेतली, सणाच्या दिवशी ऑफिसात नेसले आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, “ही आमच्याकडचीच.”

ती साडी घेऊन मी सोलापूरला गेले. आईनं पदर दोन बोटांत धरून चोळला आणि एवढंच म्हणाली, “ही गुळेदगुड्डची नव्हे.” खण विणला जातो तो कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, गुळेदगुड्डला. माझी साडी यंत्रमागावरची, पॉलिस्टरची. पॉलिस्टर नेसण्यात काहीच वाईट नाही. पुष्कळ जणींना तेच परवडतं, तेच टिकतं. वाईट हे होतं की कापड हातात घेऊन मी कधी पाहिलंच नव्हतं. काही वर्षांपूर्वी मी लिननचा शर्ट घातला होता तशीच ही साडी नेसले होते, बघणाऱ्यांसाठी. तेव्हा मी घर लपवत होते, आता घर मिरवत होते. दोन्ही वेळा माझी नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर होती.

त्याच दिवशी आईनं तिचं इरकल कपाटातून काढलं. इरकलही बागलकोट जिल्ह्यातलंच, इळकलचं. अंगाला सूत, पदराला रेशीम. पदराचा ताणा आणि अंगाचा ताणा वेगळे असतात आणि ते फासे घालून एकमेकांत अडकवतात. त्याला टोपे तेनी म्हणतात. त्यामुळं प्रत्येक साडीचा ताणा स्वतंत्र जोडावा लागतो. हे आई मला नखानं सांधा दाखवून सांगत होती. साडी निऱ्यांच्या जागी विरली होती. आजीच्या वेळी असं लुगडं मधून कापून, विरलेला भाग काढून दंड घालायचे आणि पुन्हा नेसायचे. आई म्हणाली, “तू काही दंडाचं लुगडं नेसणार नाहीस. घेऊन जा, शिवून घे.”

गल्लीतल्या शिंपीकाकांनी चांगल्या भागातून दोन कुर्ते बेतले, तांबड्या पदराची ओढणी केली. ते दोन कुर्ते मी आठवड्यातून तीनदा घालते. बसमध्ये चढताना अडकत नाहीत, घाम शोषतात, धुतले की तासाभरात वाळतात. साडी मला रोज नेसायला आवडत नाही, हेही मी आता सरळ सांगते. पूर्वी ‘आपली परंपरा’ म्हटल्यावर ते सांगायला मी कचरले असते. आणि पास्ता? तो आता मला मनापासून आवडतो. लसूण, सुकी मिरची आणि तेल एवढंच घालून, महिन्यातून एखाद्या रात्री. आवड गावची की परकी, हा प्रश्नच चुकीचा होता. कामावरून थकून आल्यावर, दार लावून घेतल्यावर, मंगळवारच्या संध्याकाळी माझा हात आपोआप कुठं जातो, एवढंच मी आता बघते.

वाचनाचंही असंच झालं. टाळेबंदीत झोप येईना तेव्हा मी ‘रुचिरा’ कादंबरी वाचावी तशी ओळीनं वाचली, आणि समासातल्या नोंदींसाठी पुन्हा वाचली. पुढं सोलापूर-पुणे येण्याजाण्यात हुतात्मा एक्सप्रेसमध्ये लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली. १९३४ पासून ती भागाभागानं प्रसिद्ध झाली. शाळेत न गेलेली ही बाई घरातली भांडीकुंडी, रुसवेफुगवे, उपासमार आणि धर्मांतराची ताटातूट सगळं एकाच सरळ आवाजात सांगते. दिसण्यासाठी लिहिलेलं एक वाक्य मला त्यात सापडलं नाही. भिगवणच्या पाण्याजवळून गाडी जात होती आणि मी बाहेर पाहिलंसुद्धा नाही. मला काय वाचायला आवडतं ते मला त्या प्रवासात कळलं: माणसं आपलं रोजचं जगणं सांगतात ते. दिवाळी अंकही मला त्यासाठीच आवडतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही रीत. आमच्या कॉलनीत पाच घरं दोन-दोन अंक घेतात आणि संक्रांतीपर्यंत दहाही अंक पाचही घरांतून फिरतात. माझ्या हाती येईपर्यंत पानं मऊ झालेली असतात.

गेल्या संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली होती तेव्हा मी सोलापूरला होते. मावशीकडे हळदीकुंकू होतं. वाण म्हणून तिनं चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. दरवर्षी ती घरात लागेल अशीच वस्तू लुटते. बायका गेल्यावर मी सोबत आणलेलं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं की पहिली दोन वर्षं मी ते उघडलंच नव्हतं, फोनवर खोटं बोलत होते, आणि निघताना ते जुनं म्हणून मला राग आला होता. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटलंच होतं. तू कधी काही उलटून विचारलं नव्हतंस.”

तिनं चष्मा लावला आणि पानं उलटू लागली. शेवटच्या कोऱ्या पानावर तिच्या हातची शेंगाचटणी होती. शेंगदाणे चार वाट्या, तिखट चार चमचे. ते ‘चार’ कधीतरी खोडून वर ‘तीन’ केलेलं, तारखेसकट. तिनं पेन मागितलं. ‘तीन’ खोडून ‘दोन’ लिहिलं. “आता सोसत नाही गं,” ती म्हणाली, आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली. तिच्या आवडीचं चटणीचं माप दोनदा बदललं होतं आणि तिन्ही मापं खरी होती. मग पेन माझ्याकडे देऊन म्हणाली, “तू किती घालतीस?”

मी विचार केला. खरंच किती घालते ते आठवलं. तिच्या ओळीखाली लिहिलं: साडेतीन, आणि जिरं जरा जास्त.