मामंजींचा कार्ब्युरेटर

आजच्या शेतकऱ्याच्या हातीं ट्रॅक्टरचा कार्ब्युरेटर दिला तर तो बहुधा उलटसुलट करून पाहील आणि ही वस्तु कोणत्या स्कूटरची, असें विचारील. त्याचें चुकतें असें नाहीं. १९५९ त फरिदाबादेस आयशरचा पहिला देशी ट्रॅक्टर निघाला, तेव्हांपासून आपल्याकडचे ट्रॅक्टर डीझेलवर चालत आले आहेत, आणि डीझेलच्या यंत्रांत या वस्तूचें कामच नाहीं. पण त्यापूर्वीं परदेशांतून आलेल्या ट्रॅक्टरांत पेट्रोल किंवा रॉकेल जाळणारेहि होते. त्यांतलाच एक, फर्ग्युसनचा करड्या रंगाचा टीईडी-२०, टिटवाळ्यापलीकडे आमच्या शेतावरच्या पडवींत उभा आहे. १९४६ पासून १९५६ पर्यंत इंग्लंडांत कॉव्हेन्ट्रीला या घराण्याचे पांच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. आमचा मामंजींच्या वडिलांनीं एका मळ्याच्या लिलावांत घेतला होता.

गेल्या वैशाखांत एका उपाहारगृहाच्या मालकानें तो मागितला. दारांत उभा करून त्यावर फुलझाडांच्या कुंड्या मांडावयाच्या, असा त्याचा बेत होता. किंमत बरी होती, ट्रॅक्टर सात वर्षें बंद होता, आणि भावोजींनीं विसार घेतला. मामंजी शहाऐंशी वर्षांचे. कांचबिंदूनें त्यांची दृष्टि अधू झाली आहे, परंतु कान शाबूत आहेत. ते एवढेंच म्हणाले, "चालत नसेल तर खुशाल न्या. पण चालत नाहीं हें अजून ठरलेलें नाहीं." भावोजींनीं दसऱ्यापर्यंतची मुदत दिली. आमचे 'हे' फिरतीच्या नोकरीवर, मुलें परगांवीं. तेव्हां मामंजींचे डोळे आणि बोटें होण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं डोंबिवलीच्या शाळेंत पुष्कळ वर्षें रसायनशास्त्र शिकविलें, पण पाना कधीं हातीं धरला नव्हता.

कार्ब्युरेटर म्हणजे वस्तुतः गुलाबपाण्याचा फवाराच. नळी मध्यें अरुंद केली म्हणजे तेथें हवा वेगानें जाते, तिचा दाब उतरतो आणि खालच्या वाटींतलें इंधन बारीक भोकांतून वर ओढलें जातें. व्हेन्च्युरी नांवाच्या इटालियन शास्त्रज्ञाचें नांव त्या अरुंद भागाला मिळालें आहे. वजनानें एक भाग पेट्रोलाला सुमारें पंधरा भाग हवा लागते. हें प्रमाण सांभाळणें एवढेंच त्याचें काम. तें बिघडलें कीं यंत्र धूर ओकतें, नाहीं तर खोकतें. आमचा झेनिथचा कार्ब्युरेटर यंत्राच्या कुशीला, खालीं लटकलेला असतो आणि मिश्रण वर चढतें. यांत एक सोय अशी कीं इंधन वाजवीपेक्षां जास्त झालें तर तें यंत्रांत न शिरतां जमिनीवर ठिबकतें.

दुरुस्तीआधीं निवड आली. आमच्यापुढें तीन कार्ब्युरेटर होते: आमचा स्वतःचा, कुर्ल्याच्या भंगारबाजारांतून आणलेला त्याच जातीचा दुसरा, आणि एका दुकानांतून मागविलेली कोरी नक्कल. घरांत सर्वांचें मत नकलेच्या बाजूनें पडलें. ती चकाकत होती आणि स्वस्तहि होती. मामंजींनीं तिन्ही हातांत घेतले आणि आंगठ्यानें झडपेचा दांडा हलवून पाहिला. नकलेचा दांडा नवा असूनहि भोकांत खुळखुळत होता. तेथून चोरटी हवा शिरली म्हणजे पुढची सारी जुळवाजुळव व्यर्थ. आमच्या जुन्याचाहि दांडा झिजला होता, पण पंचाहत्तर वर्षांनीं झिजणें आणि जन्मतःच सैल असणें यांत फरक आहे.

कुर्ल्याच्या नगाची परीक्षा आमच्या एका शेजाऱ्यांनीं केली. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमिअरचा मोटारींचा कारखाना होता तेव्हां त्यांनीं तेथें नोकरी केली. कारखाना गेला, तरी तिथल्या मैदानाला लोक अजून प्रीमिअरचेंच म्हणतात. त्यांनीं खिडकीची सपाट कांच मागवून तिच्यावर कार्ब्युरेटरची बसण्याची कड टेकविली. दोन्ही टोकें कांचेला लागत. मधला भाग टेकेना. कोणा बळकट मेकॅनिकनें बोल्ट पिळून पिळून कान वांकविले होते. कड घासून सपाट करतां आली असती, परंतु एका कानाशीं केंसाएवढी चीरहि होती. तेव्हां आमचाच दुरुस्त करावा आणि कुर्ल्याचा सुट्या भागांसाठीं ठेवावा असें ठरलें. नवें तें चांगलें, असें मानणाऱ्या आमच्या घराला हें थोडें जड गेलें.

आतां सफाई. आमच्या एका शेजारणीनें कॉस्टिक सोड्यांत उकळण्याचा सल्ला दिला. पण ओतीव अंग जस्तमिश्रित असेल तर सोडा त्यालाच खातो, हें मीं मुलांना फळ्यावर लिहून शिकविलेलें. म्हणून रॉकेल, ब्रश आणि चिकाटी यांवरच भिस्त ठेवली. पितळी जेटाच्या भोकांत मी स्टोव्हची पिन घालूं लागलें, तों मामंजींनीं नुसत्या आवाजावरून ओळखलें. "अगं, पिन नको. पितळ मऊ असतें. भोंक रुंद झालें तर मापच गेलें." मग केरसुणीचा हीर आणि सायकलचा पंप. सुकलेल्या पेट्रोलचा तो पिवळा राळेसारखा थर निघायला चार दिवस लागले. प्रत्येक स्क्रू काढण्यापूर्वीं तो पूर्ण बंद व्हायला किती फेरे लागतात, तें मीं वहींत टिपून ठेवलें होतें.

वाटींतला पितळी पोकळ तरंगा कानाशीं धरून हलविला तर आंत पेट्रोल डुचमळत होतें. म्हणजे तो बुडणार आणि सुईझडप बंदच होणार नाहीं. तो ऊन पाण्यांत धरतांच एका सांध्यांतून बुडबुडे आले, भोंक सांपडलें. आंतलें पेट्रोल पूर्ण निघून जाईपर्यंत त्याला गरम पाण्याचें स्नान घालावें लागलें, कारण पेट्रोलची वाफ आंत असतांना डाख लावणें म्हणजे हातांत फटाका धरणें. डाखहि बेतानेंच हवा: तरंगा जड झाला तर वाटींतली पातळी चढते आणि मिश्रण दाट होतें. म्हणून आम्हीं तो कल्याणच्या सराफाकडून डाखापूर्वीं आणि डाखानंतर तोलून आणला. सराफानें सोन्याइतक्याच गांभीर्यानें तोलला आणि पैसे घेतले नाहींत.

झडपेच्या दांड्यासाठीं मी ठाण्याला वागळे इस्टेटींत गेलें. मोठमोठ्या कारखान्यांच्या जागीं तेथें आतां कचेऱ्या उभ्या राहात आहेत, पण लेथ फिरविणारे कारागीर अजून आहेत. एकानें भोंक थोडें रुंद करून कांशाच्या दोन बारीक बुशा ठोकल्या आणि दांडा त्यांत असा बसविला कीं बोटानें फिरे, पण हलत नसे. मामंजींनीं तो दहा वेळां फिरवून पाहिला.

अडचण उरली इंधनाची. हा ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू करून तापला म्हणजे रॉकेलवर घ्यावयाचा. थंड यंत्राला रॉकेल पचत नाहीं, तें न जळतां तेलांत उतरून तें पातळ करतें. आतां पुरेसें रॉकेल कोठून आणणार? तेव्हां पेट्रोलच. पण आजच्या पंपावरच्या पेट्रोलांत वीस टक्के मद्यार्क असतो आणि मद्यार्काला हवा कमी लागते, शुद्ध मद्यार्काच्या एका भागाला अवघी नऊ भाग. म्हणजे जुन्या मापाच्या जेटांतून मिश्रण विरळ होणार. शिवाय तो पाणी शोषतो आणि जुनें रबर फुगवितो. म्हणून नळी आणि सांध्यांतले कागदी पदर नवे घातले. मुख्य जेटाचा स्क्रू वहींतल्या टिपणाहून थोडा अधिक उघडला. किती, तें यंत्रच सांगणार होतें.

नवरात्राच्या पांचव्या माळेला आम्ही सारीं शेतावर गेलों. तिसऱ्या प्रयत्नांत यंत्र लागलें, खोकलें, विझलें. पुन्हां लागलें. मामंजी खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. "अजून पाव फेरा उघड," ते म्हणाले. मीं उघडला. खोकला थांबला. "आतां नांगर लाव, रिकाम्या यंत्राचें बोलणें खरें नसतें." वरकस माळावर भावोजी स्वतः बसले. चढावर यंत्र एकदां अडखळलें आणि आणखी थोड्याशा फेऱ्यानें सरळ झालें. तीन तास नांगर चालला. परत आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून, वाटी रिकामी होऊन यंत्र आपोआप विझेपर्यंत आम्हीं तें चालूं ठेवलें, म्हणजे आंत राळ धरूं नये.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीं भावोजींनीं विसाराचे पैसे परत केले. कां, तें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि आम्हींहि विचारलें नाहीं. मामंजींना मात्र त्या तीन तासांत पाण्याचा एक निराळाच आवाज ऐकूं आला होता, आणि रेडिएटर कोठें गळतो तें पाहायला त्यांनीं मला लगेच खालीं वांकविलें.