जुलैचा भाव

जून सरत आला की तेव्हाच्या औरंगाबादेत, सिडकोतल्या आमच्या गल्लीत पेरणीपाण्याच्या बरोबरीने आणखी एक विषय निघे : यंदा युनिटचा जुलैचा भाव काय? युनिट ट्रस्टची यूएस-६४ ही योजना १९६४ची. जुलैत तिची युनिटं सवलतीत मिळत, म्हणून वर्षभर साठवलेला पैसा त्याच महिन्यात बाहेर निघायचा. १९८५ला वाळूजमध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि दरमहा पगार येणारी घरं शहरात वाढली. पण म्युच्युअल फंड निवडायचा असतो, हे त्या घरांच्या गावीही नव्हतं. खासगी फंड आले तेच मुळी १९९३ला.

निवडायचे ते एजंटकाका. स्कूटर लावून आत येत, चहा होई, मग रेक्झिनच्या बॅगेतून लांबरुंद फॉर्म निघे. त्याआधी मात्र वडिलांना ते विचारणारच, "साहेब, पैसा लागणार कधी? ताईचं लग्न किती वर्षांवर आहे?" उत्तर मिळाल्याशिवाय पेनाचं टोपण निघत नसे. पुढे पोस्टाने सर्टिफिकेट आलं की आई ते गोदरेजच्या कपाटात दागिन्यांच्या डबीखाली ठेवी. १९९३-९४ला या योजनेने २६ टक्के लाभांश दिला, तेव्हा शेजारपाजारचेही काकांना घरी बोलावू लागले.

त्या भरवशाला पाया नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. पैसा आत कशात गुंतलाय, ते कुणाला दिसत नव्हतं. युनिटचा भाव ट्रस्ट ठरवी. मालमत्तेच्या किमतीशी त्याचा मेळ असेलच असं नव्हतं. २ जुलै २००१ला खरेदी-विक्रीच थांबवली गेली. नंतर ऑगस्टपासून तीन हजार युनिटांपर्यंत दहा रुपये दराने पैसे परत घेण्याची सोय झाली. मे महिन्यात हाच भाव चौदा रुपयांच्या वर होता.

आज शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी करणारी माझी भाची मोबाइलवरच केवायसी उरकते. फंडाची किंमत तिला रोज कळते, पैसा कोणत्या कंपन्यांत आहे ते दरमहा जाहीर होतं. पूर्वी दहा हजार भरले की सव्वादोन टक्क्यांनी सव्वादोनशे रुपये आधीच कापले जात. ती कपात ऑगस्ट २००९मध्ये बंद झाली. २०१३पासून मध्यस्थाविना डायरेक्ट योजना घेता येते. त्याने वाचणारा खर्चातला एक टक्का किरकोळ वाटतो, पण महिना पाच हजार वीस वर्षं भरले आणि बारा टक्के परतावा धरला तर पन्नास लाखांच्या आसपास होतात. अकराने चव्वेचाळीसही होत नाहीत. इतकं स्वच्छ, इतकं स्वस्त आमच्या वडिलांना कधीच मिळालं नाही.

तरी त्या ॲपवर भाचीने काय केलं? गेल्या वर्षीच्या परताव्याची यादी लावली आणि सर्वांत वरचा स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचा, फंड उचलला. पैसा कधी लागणार, असं मी विचारलं. तीन वर्षांनी, फ्लॅटच्या डाउन पेमेंटला! स्मॉलकॅप वर्षभरात निम्म्यावरही येऊ शकतो, सावरायला त्याला बरीच वर्षं लागू शकतात. आम्ही बसून दोन वाटे केले : फ्लॅटचे पैसे बँकेच्या ठेवीत, म्हातारपणासाठी निफ्टीचा साधा इंडेक्स फंड, तोही डायरेक्ट.

तिला विचारणारं घरात कुणीतरी होतं. सगळ्यांना ते नसतं. औद्योगिक कॉरिडॉरसाठी जमिनी गेलेल्या बिडकीन परिसरातल्या शेतकऱ्यांच्या हाती भरपाईची रक्कम एकदम पडली आणि दरमहा भरघोस परताव्याची 'तीस-तीस' नावाची योजना त्यांच्या दारात पोचली. २०२२ला पोलिसांत गुन्हा दाखल होईपर्यंत कित्येकांचा पैसा गेला होता. जमीन परत येणार नव्हती, त्यामुळे ही रक्कम म्हणजे त्यांची पुढच्या पिढ्यांची शिदोरी. मोबदल्याच्या धनादेशासोबत सरकारने एखादा जाणता, कमिशन न घेणारा माणूसही गावात आठवडाभर बसवायला हवा होता, असं मला आजही वाटतं.